दुःखाचें पान

“आई, इथं ‘सॉरी’ नाहीं चालत.”

माझी सून सिंगापुराहून, मोबाइलच्या पडद्यांतून, मला बजावीत होती. तिचें मराठी अजून दहा-बारा वाक्यांपलीकडे गेलेलें नाहीं. पण हें वाक्य तिनें माझ्या मुलाकडून मुद्दाम घोकून घेतलें असावें, इतकें तें ठासून आलें. त्या दिवशीं तिनें मला परीक्षेस बसविलें होतें. शेजारणीचें पैशाचें पाकीट हरवलें आहे, बिचारी रडकुंडीस आली आहे. तिला चिनी भाषेंत काय म्हणाल? मीं मोठ्या तत्परतेनें ‘त्वेइ-पु-छी’ म्हणून टाकलें. सून क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. मग इंग्रजींत म्हणाली, “म्हणजे, पाकीट तुम्हींच घेतलंत?”

‘त्वेइ-पु-छी’ या शब्दांचा अक्षरशः अर्थ ‘तुमच्यासमोर तोंड दाखवायला मला जागा नाहीं’ असा कांहींसा आहे. तो अपराध्याचा शब्द. दुसऱ्याच्या दुःखाशीं त्याचें नातें नाहीं. इंग्रजीच्या सहवासानें आपली एक सोय होऊन बसली आहे. पायावर पाय पडला तरी ‘सॉरी’, आणि कोणाचे वडील वारले तरी ‘सॉरी’. माझ्या आजीला ही सोय ठाऊक नव्हती. तिचा पाय चुकून कोणाला लागला तर ती वांकून नमस्कार करी; आणि कोणाच्या घरीं मृत्यु झाला तर पदर सांवरून त्या घरीं जाऊन बसे. दोहोंना मिळून एकच शब्द वापरावा असें तिच्या स्वप्नांतहि आलें नसतें. त्या दिवशीं वहींत एक कोरें पान काढून मीं त्याच्या माथ्यावर लिहिलें : ‘दुःखाचें पान’.

साठी उलटल्यावर हा उद्योग कशाला, असें पारनाक्यावर भाजी घेतांना मला दोघींनीं तरी विचारलें आहे. पसतीस वर्षें शाळेंत मराठी शिकविल्यावर आतां आपण कांहीं शिकावें, हें एक कारण. खरें कारण वेगळें आहे. मुलानें चिनी मुलीशीं लग्न केलें. तिचे आईवडील उत्तर चीनमधील शिज्याच्वांग या शहरीं राहणारे. त्यांना चिनीवांचून दुसरी भाषा येत नाहीं. आमच्या बोलण्यांत सदैव मुलगा नाहींतर सून मध्यस्थ. व्याह्यांशीं बोलायला मध्यस्थ लागावा, ही गोष्ट मला लागून राहिली. इंग्रजींत ‘व्याही’ आणि ‘विहीण’ यांना शब्द नाहींत. त्या नात्याची त्यांना गरजच पडली नसावी. चिनी भाषेंत मात्र आहेत. विहीणबाईला तेथें ‘छिंग-च्या-मू’ म्हणतात. ज्या भाषेंत माझ्यासाठीं नांव तयार आहे, ती भाषा अगदींच परकी कशी?

शिवाय आमच्या वसईला परभाषेचें वावडें कधींच नव्हतें. १५३४ पासून १७३९ पर्यंत येथें पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला, पण पाव, बटाटा, अननस हे शब्द कांहीं परत गेले नाहींत. याच वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकांत पूर्वेकडे गेला आणि जपानी भाषा अशी शिकला कीं, फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांचा तो दुभाष्या झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्याला क्रुसावर देहदंड झाला. १८६२ मध्यें त्याला संतपद मिळालें. किल्ल्यांतल्या त्याच्या नांवाच्या चर्चवरून जातांना माझ्या मनांत हल्लीं एक भलताच प्रश्न येतो. धर्माचे, व्यापाराचे, दरबाराचे शब्द तो शिकला असेल हें उघड आहे. पण परक्या बाईचें मूल दगावलें तर तिच्या दाराशीं उभें राहून काय म्हणावें, हें त्याला कोणीं शिकविलें असेल?

चिनी उच्चारांची धास्ती मात्र मराठी माणसानें बाळगूं नये. इंग्रजी लिपींत चिनी शब्द वाचणारे ‘ब’, ‘ड’, ‘ग’ म्हणून फसतात. वस्तुतः ते असतात ‘प’, ‘त’, ‘क’, आणि त्यांच्या जोडीला ‘फ’, ‘थ’, ‘ख’. अल्पप्राण-महाप्राणांचा हा भेद आपण बाराखडींतच पचविलेला असतो. चिमणीचा ‘च’ आणि चौकटीचा ‘च’ हे दोन्ही त्यांच्या भाषेंत निरनिराळे नांदतात. ते तर आपल्या घरचेच. अडते तें सुरांवर. एकच अक्षर चार सुरांत चार अर्थांचें होतें, आणि माझा गळा गाण्याचा नव्हे.

दर रविवारीं सून मला नवे शब्द देई, आणि दुःखाचें पान भरत चाललें. दुर्दैवानें गांठलें तर ‘ताव-मेइ’. बस चुकण्यापासून घर बुडण्यापर्यंत सगळ्यांना चालणारा हा शब्द. दुःखी होणें म्हणजे ‘नान्-क्वो’ : त्याचे तुकडे केले तर ‘पार होण्यास कठीण’. मला एकदम पावसाळ्यांतली आमच्या लहानपणची खाडी आठवली. हाल सोसणें म्हणजे ‘छ-खू’, कडू खाणें. आपणहि मार खातों, शिव्या खातों; ते कडवटपणा खातात. आणि ‘शिन्-खू’ म्हणजे तिखट आणि कडू. हा शब्द मोठा गोड रीतीनें वापरतात. कोणी आपल्यासाठीं कष्ट घेतले, लांबून दमून आपल्या दारीं आला, तर त्याला ‘शिन्-खू’ म्हणायचें. तुम्हांला फार तिखट-कडू सोसावें लागलें, असा त्याचा भाव. ‘आभारी आहें’ हें त्यापुढें अगदींच अळणी वाटतें.

पुढें मला थोडी अक्षरेंहि ओळखूं येऊं लागलीं, आणि त्यांत एक मौज दिसली. मनोभावनांच्या पुष्कळ अक्षरांत कोठें ना कोठें हृदयाचें चिन्ह दडलेलें असतें. काळजीच्या अक्षरांत वर शरद् ऋतु आणि खालीं हृदय. सोसण्याच्या अक्षरांत वर सुरीचें पातें आणि खालीं हृदय. हें दुसरें अक्षर पाहिलें त्या दिवशीं मी वही मिटून ठेवली. आमच्या पिढींतल्या कितीतरी बायकांचें चरित्र त्या एका अक्षरांत येऊन गेलें होतें.

अक्षरें ओळखूं येऊं लागल्याचा परिणाम मात्र भयंकर झाला. एकदां सून पाय मुरगळून घरीं बसली होती. ‘ह्वो’ म्हणजे जगणें आणि ‘काय’ म्हणजे हवें, हें मला ठाऊक होतें. ‘ह्वो-काय’ असा जोडशब्दहि कोशांत दिसला. जगायला हवें! म्हणजे ‘शतायुषी हो’च कीं! मी पडद्यासमोर बसून मोठ्या मायेनें म्हणालें, “ह्वो-काय!” पलीकडे आधीं शांतता पसरली, मग सून हंसतां हंसतां पलंगावर आडवी झाली. त्या शब्दाचा अर्थ निघाला, ‘बरी खोड मोडली!’ तेव्हांपासून आमच्या घरीं कोणाचें दूध उतूं गेलें तरी ‘ह्वो-काय’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. पण मला त्यांतून एक धडा मिळाला. सहानुभूतीचे शब्द तुकडे जोडून बनवितां येत नाहींत. ते त्या भाषेंत रडलेल्या माणसांकडूनच घ्यावे लागतात.

आणि ‘सहानुभूति’ हा शब्द तरी आपण कधीं रडणाऱ्या माणसासमोर उच्चारतों? तो ठरावांत शोभतो. चिनी भाषेंत त्याच्या तोडीचा ‘थुंग-छिंग’ आहे. ‘थुंग’ म्हणजे समान आणि ‘छिंग’ म्हणजे भावना. घडण आपल्या शब्दासारखीच, आणि असावा तितकाच इस्त्रीचा. घरगुती शब्द निराळे. ‘ख-ल्येन’ म्हणजे बिचारा. त्यांत कीव आहे, आणि कीव नेहमीं वरून खालीं येते. आपल्याहून बऱ्या माणसाची कीव कोणी करीत नाहीं. कणव त्याहून जवळची. हळहळ शेजारची. पण ‘जीव तुटतो’ म्हणतांना आपण आणि तें माणूस यांत अंतरच उरत नाहीं. ‘जीव तुटणें’ याला चिनी शब्द आहे ‘शिन्-थंग’, म्हणजे हृदय दुखणें. यांतला ‘थंग’ मोठा विलक्षण आहे. त्याचा एक अर्थ दुखणें; दुसरा अर्थ, लेकरावर माया करणें. दोन्ही एकाच अक्षरानें लिहितात. सुनेला मीं विचारलें, “मग समजतं कसं, दुखतं आहे कीं माया आहे?” ती म्हणाली, “कधीं कधीं समजत नाहीं.”

असाच दुसरा एक शब्द मला सोपाऱ्याला नेऊन पोंचवितो. नाळासोपाऱ्याचा स्तूप आमच्या घरापासून फार लांब नाहीं. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजींनीं तो उकरला, तेव्हां आंत अवशेषांचे करंडक आणि बुद्धाच्या मूर्ति मिळाल्या. आज त्याच्या भोंवतीं वस्ती दाटली आहे. आंत गेलें म्हणजे तेवढी शांतता. बौद्ध ग्रंथ आपल्या देशांतून चीनमध्यें गेले आणि त्यांचे अनुवाद होऊं लागले, तेव्हां ‘करुणा’ या शब्दाला तेथल्या अनुवादकांनीं ‘पेइ’ हें अक्षर योजलें. त्या अक्षरांतहि खालीं हृदय आहे. पण ‘पेइ’चा रोजच्या बोलण्यांतला अर्थ करुणा नव्हे, तो आहे शोक. आपला एवढा मोठा शब्द तेथें गेला आणि त्याला घर मिळालें तें शोकाच्या अक्षरांत. अनुवाद चुकला असें मला वाटत नाहीं. दुसऱ्याचें दुःख पाहून जें होतें तें शोकाहून निराळें असेल, तर ती कीवच असायची.

व्याह्यांची आणि माझी पहिली भेट पडद्यावरच झाली. रेल्वेच्या कारखान्यांत जन्म घालवून ते निवृत्त झालेले. नमस्कार-चमत्कार झाले, मग दोघांनाहि कांहीं सुचेना. इतक्यांत त्यांनीं अंगठा उंच केला आणि एक शब्द उच्चारला : “खऽ-ती-ह्वा!” मला कांहीं बोध होईना. मुलगा म्हणाला, “आई, ते डॉक्टर कोटणीसांचं नांव घेताहेत.”

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस! जपानशीं झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पांच डॉक्टरांचें एक भारतीय पथक सप्टेंबर १९३८ मध्यें मुंबईहून निघालें, त्यांत अटल, मुखर्जी, बसू, नागपूरचे चोळकर आणि हे होते. तेथें प्रत्येकाच्या चिनी नांवाअखेर ‘ह्वा’ म्हणजे चीन हें अक्षर जोडण्यांत आलें. कोटणीस भाषा शिकले ती प्रवाशाच्या कामापुरती नव्हे. चिनी विद्यार्थ्यांना ते चिनींतून वैद्यक शिकवीत, आणि शस्त्रक्रियेवर चिनी भाषेंत पाठ्यपुस्तकहि लिहीत होते. १९४१ मध्यें ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षीं क्वो छिंग-लान या परिचारिकेशीं त्यांनीं लग्न केलें. मुलगा झाला, त्याचें नांव ‘यिन्-ह्वा’, भारत-चीन. मूल साडेतीन महिन्यांचें असतांना, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीस वारले. वय बत्तीस वर्षें.

हा वृत्तांत आपल्यापैकीं पुष्कळांना शांतारामबापूंच्या १९४६ च्या बोलपटामुळें ठाऊक आहे. माझ्या मनांत त्याची दुसरीच बाजू घोळूं लागली. डॉक्टरला परभाषेंतला पहिला प्रश्न लागतो ‘कोठें दुखतें?’ हा, म्हणजे ‘थंग’ हा शब्द त्यांना अगदीं आरंभीं शिकावा लागला असणार. त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्यांना केव्हां उमगला असेल? ते चीनमध्यें असतांनाच सोलापूरला त्यांचे वडील वारले. परत येण्याची मुभा असतांहि ते आले नाहींत. त्या दिवशीं भोंवतालच्या चिनी माणसांनीं त्यांचें सांत्वन करण्यासाठीं जे शब्द उच्चारले असतील, ते त्यांना पुरते समजले असतील का? मला वाटतें, समजले नसले तरी पोंचले असतील. नाहींतर तो माणूस तेथें रमता ना. आणि पुढें चारच वर्षांनीं सोलापूरच्या त्या घरीं दुसरी दुःखाची वार्ता आली, ती परक्या भाषेच्या मुलुखांतून.

शिज्याच्वांगच्या हुतात्मा-स्मशानभूमींत कोटणीसांची समाधि आहे. व्याह्यांनीं सांगितलें, शाळेंत असतांना दर वर्षीं एप्रिलांत, पितरांच्या थडग्यांची झाडलोट करण्याच्या सणाला, सगळ्या मुलांना तेथें फुलें वाहायला नेत. ‘तुमच्याकडचा एक माणूस आमच्याकडे आहे, त्याची आम्ही काळजी घेतों,’ अशा थाटांत ते हें सांगत होते. मला तें ऐकून भरून आलें, आणि माझ्याजवळ त्यावर बोलायला एकहि चिनी शब्द नव्हता. माझा अभ्यास खरा सुरू झाला तो तेथून.

गेल्या पौषांत पहांटे मुलाचा फोन आला. शिज्याच्वांगला रात्रींतून सर्व आटोपलें होतें. व्याह्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्याची वाटसुद्धां पुरी झाली नाहीं. सून त्याच दिवशीं विमानानें निघाली. तीन दिवसांनीं मुलगा म्हणाला, “आई, आज सासूबाईंना फोन लावूं या. तुला बोलतां येईल ना?”

मीं तयारी केली होती. दुःखाच्या पानावर सगळ्यांत तळाशीं एक वाक्य होतें, मोठ्या वेळेसाठीं राखून ठेवल्यासारखें : ‘छिंग च्ये-आय’. शोकाला आवर घाला, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘च्ये’ म्हणजे मुळांत बांबूचें पेर. बांबू उंच वाढतो, पण पेरापेरानें. दुःखालाहि असें पेर पडूं द्या, अशी त्या शब्दाची समजूत मीं माझ्यापुरती करून घेतली होती. आपल्या ‘सावरा आतां’ यापेक्षां मला तें अधिक दयाळू वाटे. सकाळपासून मी तें सूर सांभाळून घोकीत होतें.

पडदा उजळला. विहीणबाई स्वयंपाकघरांत बसल्या होत्या. दंडाला काळी फीत होती. समोर टेबलावर व्याह्यांचा झांकणाचा चहाचा पेला होता. प्रत्येक भेटींत तो त्यांच्या हातांत मीं पाहिलेला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझें वाक्य ओठांवर आलें आणि तेथेंच थिजलें. कोणता सूर पहिला, तेंच आठवेना. एक सूर चुकला तर मी काय बोलून बसेन, याची ‘ह्वो-काय’नें चांगलीच अद्दल घडविलेली होती. तेवढ्यांत त्याच बोलल्या. अगदीं हळू, एवढेंच :

“था चौ-ल.”

हे शब्द दुःखाच्या पानावर नव्हते. ते होते माझ्या दुसऱ्या धड्यांत. ‘बस गेली’, ‘मुलगी शाळेंत गेली’, अशा वाक्यांत मीं ते शंभर वेळां गिरविले होते. ‘था’ म्हणजे ते. ‘चौ-ल’ म्हणजे गेले.

ते गेले.

कोश उघडण्याची, मुलाकडे पाहण्याची मला गरज पडली नाहीं. आमच्या गल्लींत, आमच्या घरांत, माझ्या आईनें माझ्या वडिलांविषयीं हाच शब्द असाच खालच्या आवाजांत उच्चारला होता. ‘मेले’ म्हणवत नाहीं, ‘निधन पावले’ वर्तमानपत्रांत छापतात. घरचें माणूस नुसतें जातें. दोन भाषांनीं हिमालयाच्या दोन बाजूंना बसून, एकमेकींना न विचारतां, त्याच साध्या शब्दाचा आडोसा घेतला होता.

मी फक्त “छिंग-च्या-मू” म्हणालें. विहीणबाई! पुढें कांहीं नाहीं. त्याहि कांहीं बोलल्या नाहींत. आम्ही दोघी बसून राहिलों. मधूनच त्या पेल्याचें झांकण फिरवीत, पुन्हां बसवीत. मुलगा उठून बाहेर गेला. फोन बंद करावा म्हटलें तर मोठीच पंचाईत! चिनी निरोपाचा शब्द ‘चाय-च्येन’. त्याचा अर्थ ‘पुन्हां भेटूं’. आणि आपल्याकडे मृत्यूच्या घरून निघतांना ‘येतें’ म्हणायची बंदी! तेथें न बोलतांच उठायचें असतें. तिकडचा शब्द इकडच्या रीतीनें अडवून धरला, आणि मी अर्धा तास तशीच बसून राहिलें. शेवटीं विहीणबाईंनींच मान हलविली, आणि पडदा काळा झाला.

मला फार चुटपुट लागली. वर्षभर घोकलेलें वाक्य ऐन वेळीं बोलतां आलें नाहीं. काय उपयोग त्या वहीचा?

आठवड्यानें सुनेचा फोन आला. ती अजून आईपाशींच होती. म्हणाली, “आई विचारते, तुम्ही त्या दिवशीं न बोलतां इतका वेळ कां बसून होतां? तुमच्याकडं अशा वेळीं काय म्हणतात?”

मीं तिला सांगितलें, “आमच्याकडं कांहीं म्हणत नाहींत गं. समाचाराला जातात. जाऊन बसतात.”

तिनें तें चिनी भाषेंत आईला सांगितलें. पलीकडे कांहीं वेळ शांतता होती. मग विहीणबाईंचा आवाज आला, आणि त्यांनीं उच्चारलेला शब्द मला सुनेनें सांगण्याआधींच कळला. लांबून, दमून, आपल्या दारीं आलेल्या माणसाला म्हणायचा तोच तो शब्द. “शिन्-खू,” त्या मला म्हणत होत्या, “शिन्-खू.”

मी तर वसईंतल्या माझ्या खुर्चीवरून हललेंहि नव्हतें.